नव्या गुडघ्याचा निबंध

८ जानेवारी

ती. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणतोस आणि लगेच वहिनीच्या हातात फोन देतोस, म्हणून पत्रच लिहितेय. आता टाळून दाखव!

आमच्या इस्पितळात नुसती धांदल आहे. हाडांखेरीज दुसरं काही न बघणारी ही जागा, पण यंदा पेशंटांपेक्षा शोधनिबंधांचीच चर्चा जास्त. वर्षभरात इथून किती निबंध छापून आले, त्याचा फलक थेट दारात लावलाय. सगळ्यांत मोठा निबंध यायचाय तो पूर्ण वाकणाऱ्या नव्या गुडघ्याचा, म्हणजे तुझ्या गुडघ्याचा. ज्यांना तो सांधा बसवला त्यांना तपासणीला बोलावणं आणि नोंदी जुळवणं माझ्याकडे आहे. तू मात्र बोलावूनही आला नाहीस. मोठे डॉक्टर परवा हसत म्हणाले, की हिला सख्खा भाऊ आणता येत नाही, बाकीचे काय आणणार! जो येत नाही तो निबंधातून गळतो, असा नियम आहे. अख्ख्या बाजारपेठेच्या फरश्या गुडघे टेकून बसवणारा माझा दादाच गळावा, हे मला चालणार नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, म्हणून मला तिकडे येता येत नाही. तूच ये. रागवायचं तर रागव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
ठकू


२१ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी तुझ्या वहिनीने वाचलं. म्हणाली, तुम्ही लिहीत नसाल तर मी लिहिते. तेव्हा लिहितो.

तो गुडघा आता माझ्या पायात नाही.

पहिलं वर्ष झकास गेलं, ते तू पाहिलंसच. कामावर परत गेलो, उकिडवा बसलो, पोरासारख्या उड्या मारायच्या तेवढ्या बाकी होत्या. मग गुडघा सुजायला आणि गरम लागायला लागला. तुमच्याकडे फोन केला, तर कुणीतरी सांगितलं की सूज येते, बर्फ लावा. बर्फ लावत बसलो. पुढे पू झाला. इथल्या दवाखान्यात सांधा काढला. दुसरा बसवण्याजोगं हाड उरलं नव्हतं, म्हणून वरचं आणि खालचं हाड एकमेकांना जोडून टाकलं. पाय आता फळीसारखा सरळ. खुर्चीत बसलो की घरातले सगळे त्याला अडखळतात. वहिनी म्हणते, यावर कपडे वाळत घालू का?

तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच इमारतीत बसतेस. तुला घास गेला नसता. तू मला भरीला घातलं नव्हतंस, त्या गुडघ्यासाठी मीच तुझ्या मागे लागलो होतो, हे विसरू नकोस.

तपासणीला मी येत नाही. बसच्या सीटवर पाय मावत नाही, तुमच्या पायऱ्या चढवत नाहीत. ज्याचा गुडघा चालतो तोच चालत येणार. मला खुशाल गाळा.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र ऑफिसात वाचलं. नंतर न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, तरी सगळ्यांना कळलंच.

तुझं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. जे आले नव्हते त्यांना मी एकेक करून फोन लावले. एका बेकरीवाल्याची बायको म्हणाली, की ते पलंगावरून उठत नाहीत, तुम्हाला आज आठवण झाली का? एका शिक्षिकेने इस्पितळाचं नाव ऐकून फोनच ठेवला. काहींचे नंबर बदललेत. आणि आमच्या कागदांवर हे सगळे नुसते 'संपर्क नाही'.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. माणूस वाईट नाही रे. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. पण म्हणाले, फोनवर ऐकलेलं निबंधात घालता येत नाही, पेशंट समोर तपासायला हवा. बाकीचे कुणी यायला तयार नाहीत. तू आला नाहीस तर एकही सांधा काढावा लागला नाही असं छापून येईल, आणि ते वाचून लोक येत राहतील.

मी गाडी पाठवते. मागच्या सीटवर आडवा होऊन ये. पायऱ्यांच्या मागे सामानाची लिफ्ट आहे, तीतून मी स्वतः तुला वर नेईन. इतकी वर्षं तुझ्याकडून लाड करून घेतले, आता एवढा एक कर.

तुझी,
ठकू


१२ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

घरी नीट पोचलो. पाठ धरलीय, बाकी ठीक. सामानाच्या लिफ्टमधून गेल्यावर आपण कपाट आहोत असं वाटतं, एवढं मात्र खरं.

तुझ्या डॉक्टरांनी पायावर बराच वेळ हात ठेवला होता. मी म्हटलं, तुम्ही मनापासून केलं होतंत, मला तक्रार नाही. ते म्हणाले, तुमची नोंद होईल.

तू कागद आणायला गेलीस तेव्हा बाकावर शेजारी एक गवंडी होता. तरुण, दोन लहान मुलींचा बाप. एका गुडघ्याची वाट लागलेली, तोच नवा सांधा बसवायला आलेला. त्याला पाय दाखवला, सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, काका, तुमचं नशीब फिरलं, पण बाकीच्यांचं चांगलं झालंय म्हणतात, आणि मला उकिडवं बसता आलं नाही तर मी करू काय? त्याच्या जागी मीही हेच म्हणालो होतो.

माझी हत्यारं एका कारागिराला देऊन टाकली. वहिनीने रिकामी पेटी पुसून माळ्यावर टाकली.

जमेल तशी लिहीत जा.

तुझा,
दादा


१९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निबंध छापून आला. तू त्यात आहेस. एक ओळ आहे: एका रुग्णाचा सांधा जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. त्याच्या खालीच लिहिलंय, की निष्कर्ष अत्यंत उत्साहवर्धक आहेत. बेकरीवाला नाही, शिक्षिका नाही. न आलेल्यांची संख्या तळटीपेत, बारीक अक्षरांत. डॉक्टरांनी ती मोठ्या अक्षरांत घालायचा प्रयत्न केला म्हणे, पण सोबतच्या लेखकांनी मानलं नाही. समारंभ झाला, वर्तमानपत्रात बातमी आली, मलाही फुलं दिली. ती मी जिन्यातच ठेवून आले. दारातल्या फलकावर आकडा वाढलाय.

आता हाच सांधा दोन्ही गुडघ्यांना एकदम बसवून बघायचा नवा अभ्यास निघालाय. बोलावण्याचं काम पुन्हा माझ्याकडे.

काल त्या गवंड्याची बायको वर आली, धाकटीला कडेवर घेऊन. म्हणाली, ते कामावर जायला लागलेत, खूश आहेत, पण आठवडाभर गुडघा सुजलाय आणि हात लावला की गरम लागतो. फोन केला तर बर्फ लावा म्हणाले, ते बरोबर आहे ना? मी तिला हाताला धरून थेट डॉक्टरांच्या खोलीत नेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला आजच्या आज घेऊन या म्हणाले. ती म्हणाली, आज ते यायचे नाहीत, फरशीचं काम अर्धं राहिलंय, पुढच्या आठवड्यात आणते.

तिच्या मागे पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले. विनवलं. ती हसून म्हणाली, इतकं काय घाबरता ताई, तुमच्याकडचे सगळे बरे झालेत, आम्ही पेपरात वाचलंय.

तुझी,
ठकू