सातवा चौकोन

२९ एप्रिल

सात चौकोन. सहांत लाल शिक्के, सातवा कोरा! योम हेरिननं अर्ज माझ्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली. पीएचडीला साडेपाच वर्षं झालीत. बियाणं सोडून मातीवर काम करायचंय, म्हणून मार्गदर्शक बदलायचाय. नवे सर तयार, दोन्ही विभाग तयार. फक्त जुन्या मार्गदर्शकाचा, तक सरांचा, शिक्का नाही. एकतीस मेपर्यंत मिळाला नाही तर मुदत संपते. नाव कटतं.

"कितीदा मागितलात?"

"नऊ वेळा, सर. दहाव्यांदा गेले तर चहा दिला. शिक्का नाही दिला."

ती गेल्यावर आमच्या कचेरीच्या मुख्य बांगबाईंवर भडकलो. डीन मी, संपूर्ण पदव्युत्तर विद्यालयाचा, आणि मला काहीच करता येत नाही? त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आपण टपालकचेरी. पाकीट येतं, पाकीट जातं. आत काय लिहायचं ते विभाग ठरवतात."

खरंच. आमच्याकडे ना स्वतःचे शिक्षक, ना प्रयोगशाळा. म्हणायला सगळे विद्यार्थी आमचे, प्रत्यक्षात एकही नाही! पण मग आम्ही हवेत कशाला? मार्गदर्शकाशी बिनसलं तर पोरांनी जायचं कुणाकडे? तीस वर्षं इतिहास शिकवतोय — ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या हाती माणूस. आता माझ्याच नाकासमोर!

३० एप्रिल

तकदादांना बाजारात जेवायला नेलं. सोयाबीनच्या मोडांचं सूप, भात. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, कृषी महाविद्यालयाचे प्रमुख, दोन वर्षांनी निवृत्त.

"दादा, शिक्का द्या पोरीला."

"नाही."

"का?"

"खारट जमिनीतल्या भाताची तीस वर्षांची वाणं आहेत माझ्याकडे. ती शेवटची विद्यार्थिनी. ती गेली की पेट्या कोण उघडणार?"

"ती माणूस आहे, पेटीची किल्ली नव्हे!"

"अरे मेंग, तुझ्यासारखं बोलता आलं असतं तर मीही डीन झालो असतो. खा, गार होतंय."

आणि स्वतःच्या वाडग्यातलं अंडं माझ्या वाडग्यात टाकलं. या माणसावर राग धरायचा तरी कसा?

३ मे

ठरलं. नियमच बदलायचा. बारा तारखेच्या मंडळासमोर ठराव — जुन्या मार्गदर्शकाच्या शिक्क्याची अट रद्द.

९ मे

भाषण चौथ्यांदा लिहिलं. बायको म्हणाली, "अकरा माणसांसाठी एवढं? लग्नात माझ्या वडिलांसमोर चार शब्द फुटले नव्हते!"

१२ मे

मंडळ. अकरा जण — महाविद्यालयांचे दहा प्रमुख आणि अध्यक्षस्थानी उपकुलगुरू. मला बोलायचा हक्क, मताचा नाही. पंचवीस मिनिटं बोललो. राजदरबारातल्या शिक्क्यांपासून सुरुवात केली. शेवटी टेबलावर हात आपटला — "ही बेडी कुणी घडवली? कुठल्या भित्र्या माणसानं?" तकदादा पेल्यातल्या चहाकडे बघत होते.

अभियांत्रिकीचे प्रमुख म्हणाले, "मेंग सर, भाषण उत्तम. पण मध्यवर्ती कचेरीनं गुरू-शिष्यांच्या मध्ये पडू नये. उद्या आमच्या प्रयोगशाळांच्या किल्ल्याही मागाल!" हशा.

पाच बाजूनं, चार विरुद्ध. तकदादांनी मतच दिलं नाही. जिंकलो असं वाटलं, तोच उपकुलगुरूंनी घसा खाकरला — "मी मत देत नाही, आणि अकरांत ठरावाला सहा मतं लागतात. पुढच्या सत्रात बघू." पुढच्या सत्रात! तोवर ती असेल का इथे?

१३ मे

हेरिन आली.

"सर, तुम्ही फार सुंदर बोललात, असं ऐकलं."

मी खूश होणार, तेवढ्यात —

"मग माझं नाव कधी काढणार? खोली सोडायची तर घरमालकिणीला आधी सांगावं लागतं."

१५ मे

आमच्या देशातला शिक्षक दिन, गुरूंना कार्नेशन द्यायचा. दाराशी कार्नेशनचं एक फूल, नाव नाही. विद्यार्थ्यांकडून भेट घ्यायची नाही, हा नियम. परत करू तर कुणाला?

१९ मे

आज काय झालं! बांगबाई बैठकीचं इतिवृत्त लिहीत होत्या. आत येऊन म्हणाल्या, "सर, दुरुस्ती कुठल्या कलमात म्हणून लिहू?"

"शिक्क्याच्या!"

"तसं कलम सापडत नाही."

दोघांनी नियमावली टेबलावर पसरली. दोनदा वाचली. कलम सत्तावीस — 'जुन्या मार्गदर्शकास कळवावे.' कळवावे! बस्स. शिक्क्याचा शब्द नाही. तो चौकोन फक्त छापील अर्जावर आहे. आणि अर्जाचा नमुना ठरवायचा अधिकार कुणाचा? डीनचा! मंडळाची परवानगी लागतच नाही. सगळे त्या चौकोनाला घाबरून जगलो. मी इतिहासाचा प्राध्यापक — आणि मूळ कागद बघितला नाही!

दुपारी नवा अर्ज छापला. सहा चौकोन. तकदादांना पत्रानं कळवलं. चार वाजता हेरिनचा अर्ज मंजूर, नाव राहिलं! ती खुर्चीत बसली, पहिल्यांदाच.

बांगबाईंना सांगितलं, तळघरातल्या जुन्या फायली काढा. चौकोन कुणी घातला, मला नाव हवंय. पुढच्या मंडळात सगळ्यांसमोर वाचून दाखवीन!

२१ मे

फाइल सापडली. तेवीस वर्षांपूर्वीची बैठक, मंडळाची नव्हे, आमच्याच कचेरीतली. 'धनाढ्य प्रयोगशाळा लहान विभागांचे विद्यार्थी पळवतात, याबद्दल अत्यंत प्रभावी भाषण झाले. अर्जावर जुन्या मार्गदर्शकाच्या शिक्क्यासाठी चौकोन घालावा, असे ठरले.'

सूचक : मेंग. अनुमोदक : तक.

मी पार विसरलो होतो. ते विसरले नव्हते. बारा तारखेला एक वाक्य बोलले असते, तर तिथेच माझं तोंड बंद झालं असतं.

बोलले नाहीत.