शुभेच्छुकांचे क्यूआर कोड

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं. मंडळांचे फ्लेक्स उतरले आणि दुकान थंड पडलं. धायरीत आता गल्लोगल्ली फ्लेक्स छापणारे झालेत. समोरच ‘मुक्ताई फ्लेक्स’. त्याला ‘हार्दिक’ धड लिहिता येत नाही, पण रांग त्याच्याकडे.

शर्मिलाने आज अल्टिमेटम दिला. दिवाळीपर्यंत दुकान सावरलं तर ठीक, नाहीतर श्यामरावांच्या हडपसरच्या पॅकिंग युनिटमध्ये स्टोअर सुपरवायझर. श्यामराव म्हणजे माझे साडू. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बोलतात मात्र चाळीस वर्षांनी मोठ्यासारखे. त्यांच्या हाताखाली मी? स्क्रीन प्रिंटिंगच्या जमान्यापासून या धंद्यात आहे. मेलो तरी जाणार नाही.

आजपासून चहा बंद (ॲसिडिटी) आणि धंदा डिजिटल. दोन्ही गोष्टी चौकात सगळ्यांना सांगून टाकल्या. आता माघार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

उत्कर्षाकडून (कन्या, आयटीत आहे) कळलं की क्यूआर कोड नुसता पैसे घेण्यासाठी नसतो. जाहिरातीवर टाकला की कोणी, कुठे, किती वाजता स्कॅन केला ते सगळं डॅशबोर्डवर दिसतं. इतकी वर्षं आपण छापत आलो, पण वाचतं कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. आता कळणार! कल्पना माझी. अकाउंट तिने दहा मिनिटांत उघडून दिलं. मीही उघडलंच असतं, पण मला इतर कामं असतात.

शर्मिला म्हणाली, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये. मी म्हणालो, टेक्नॉलॉजीला पितृपक्ष नसतो. ती म्हणाली, तुमच्या दुकानाला मात्र बारा महिने असतो.

चहा एकदाच घेतला, तोही घरी. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रयोग म्हणून काउंटरवर दुकानाच्या जाहिरातीचा कोड चिकटवला. एका गिऱ्हाइकाने व्हिजिटिंग कार्डांचं बिल द्यायला नेमका तोच स्कॅन केला. ‘आमचा प्रवास: १९९६ ते आज’ हे पान उघडलं. भडकला. म्हणाला, तुमचा प्रवास सावकाश वाचतो, आधी पैसे कुठे टाकू ते सांगा.

चौकोन दिसला की पैसे टाकायचे, एवढीच आपल्या लोकांची समज. समाज तयार व्हायला वेळ लागेल. मी थांबायला तयार आहे. (दिवाळीपर्यंत.)

१७ सप्टेंबर, बुधवार

मोठी शिकार! दशरथभाऊंचा वाढदिवस २६ तारखेला. भाऊ म्हणजे टँकरवाले. नळ कोरडा पडला की अख्खी धायरी त्यांना फोन करते. यंदा पालिकेच्या तिकिटाचे दावेदार. त्यांना तिकीट मिळालं की वॉर्डाची सगळी छपाई माझ्याकडे, असा शब्द त्यांनी दिला. म्हणजे दुकान वाचलं. श्यामराव गेले उडत.

माझी योजना त्यांना ऐकवली. चौकात मोठा फ्लेक्स. भाऊंच्या चेहऱ्याशेजारी भाऊंचा कोड आणि प्रत्येक शुभेच्छुकाच्या फोटोखाली त्याचा स्वतंत्र कोड. स्कॅन केला की त्या त्या माणसाचं पान उघडणार, हात जोडलेला फोटो आणि दोन ओळी. भाऊंनी विचारलं, ह्यानं काय हुणार? मी म्हणालो, कोणाची किती हवा आहे ते आकड्यात कळेल. भाऊंनी आधी आपल्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाले, कळू द्या की, हाय काय त्यात!

शुभेच्छुक तेवीसच जमले. खाली उजवा कोपरा बोडका दिसत होता, म्हणून भाऊंचे टँकर बघणारा उत्तरेश्वर तिथे टाकला. परांड्याकडचा मुलगा, गरीब. फोटो आधार कार्डावरचा. त्याच्या पानावर मी स्वतः ओळ लिहिली: ‘आपलं प्रेम हीच माझी कमाई.’ त्याला फार आवडली. दोनदा वाचून घेतली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

फ्लेक्स लागला. चौकात, वेणूबाईंच्या चहाच्या टपरीमागे. भाऊंचं डोकं थेट दुसऱ्या मजल्याला भिडलंय. खालचा काठ मात्र ठरल्यापेक्षा खाली आला आणि टपरीच्या पाठच्या फळीवर उतरला. माप चुकलं नाही. खांब आखूड निघाले.

वेणूबाई लगेच ओरडायला लागल्या, फ्लेक्स वर घ्या, माझा धंदा झाकला. मी म्हणालो, बाई, भाऊंच्या वाढदिवसाच्या दिवशी तरी अपशकुन करू नका. भाऊंच्या फ्लेक्सला हात कोण लावणार? त्या गप्प बसल्या. म्हणजे मनातल्या मनात बोलत होत्या, ते दिसत होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

डॅशबोर्ड उघडला. भाऊ: तीन स्कॅन. त्यातले दोन मी, रस्त्याच्या पलीकडून झूम करून. एक उत्कर्षाचा, घरून, टेस्टिंगचा.

उत्तरेश्वर: एकशे बारा.

काहीतरी टेक्निकल गडबड. उद्या सुरळीत होईल.

२९ सप्टेंबर, सोमवार

गडबड नाही. काल रविवार, सिंहगडावरून उतरलेली गर्दी, उत्तरेश्वर दोनशेच्या वर. भाऊ अजून तीन. बाकीचे शुभेच्छुक मिळून पाच, आणि ते बहुतेक त्यांचे त्यांनीच, स्टुलावर चढून.

दुकानाचं शटर अर्धं ओढून बसून ॲनालिसिस केलं. उत्तरेश्वरला स्कॅन करणारे सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात. म्हणजे कामावर जाणारा आणि कामावरून येणारा वर्ग. कष्टकऱ्यांचा नेता! पानावर थांबण्याचा सरासरी वेळ दोन सेकंद. माझा मजकूर थेट काळजाला भिडतो, जास्त वेळ लागत नाही. एकेका मोबाईलवरून रोज दोन-दोनदा स्कॅन. याला निष्ठा म्हणतात.

शर्मिलाला समजावून सांगत होतो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, त्या पोराला मी समोर बघितलं तरी ओळखणार नाही. मी म्हणालो, भावना आणि डेटा यांत फरक असतो.

चहा दोनदा. ॲनालिसिसमध्ये मेंदू थकतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वेणूबाई आज थेट दुकानात आल्या. म्हणाल्या, ज्याला त्याला तुमच्या त्या पोराच्या फोटूखालीच मोबाईल धरायचा असतो, आणि मग शिव्या मला खाव्या लागतात. मला अत्यानंद झाला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार! त्यांचं पुढचं ऐकून घ्यायला वेळ नव्हता, रिपोर्टचं कव्हर डिझाइन करत होतो. शिव्यांचा मुद्दाही नोंदवला: विरोधक अस्वस्थ.

६ ऑक्टोबर, सोमवार

भाऊंच्या ऑफिसात प्रेझेंटेशन. सगळे शुभेच्छुक हजर. मी रंगीत आलेख भिंतीवर लावला. उत्तरेश्वरचा खांब छतापर्यंत. भाऊंचा खांब दिसत नव्हता, म्हणून मी पेनाने गोल करून दाखवला.

भाऊंनी विचारलं, म्हंजी वाढदिवस माझा आन् लोकांनी बघितला ह्याला? मी म्हणालो, भाऊ, डेटा खोटं बोलत नाही. भाऊ म्हणाले, तुम्हाला मोजायला कोणी सांगितलं हुतं? मी त्यांना १७ तारखेच्या ‘कळू द्या की’ची आठवण करून दिली. ती करून द्यायला नको होती.

उत्तरेश्वर दाराशी उभा होता. पांढराफटक. पण रिपोर्टचे फोटो काढत होता.

घरी आल्यावर शर्मिला म्हणाली, अहो, फ्लेक्स लोकांनी बघायला नसतो, भाऊंनी बघायला असतो. एवढं कळलं नाही तुम्हाला इतक्या वर्षांत? फार लागलं मनाला. जेवलो नाही. (नंतर थोडा भात.)

७ ऑक्टोबर, मंगळवार

भाऊंच्या पोरांनी फ्लेक्सवरून उत्तरेश्वरचा चेहरा ब्लेडने कापून काढला. आता कोपऱ्यात चौकोनी भोक. घाईत खालचा कोड तसाच राहिला. टँकरवरूनही त्याला काढलं.

छपाईचा शब्द भाऊंनी मागे घेतला. निरोप ‘मुक्ताई फ्लेक्स’वाल्याने आणला, हसत हसत.

मी खचलेलो नाही. क्रांतिकारक माणसाला पहिला फटका घरच्यांकडून आणि दुसरा क्लायंटकडून बसतोच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चेहरा नाही तरी स्कॅन चालूच! एकही कमी नाही. माणूस कापला, पण लाट कापता आली नाही. हे वाक्य चांगलं जमलंय, कुठेतरी छापलं पाहिजे.

उत्तरेश्वर दुकानात आला. रिपोर्टच्या दोन प्रती मागितल्या, लॅमिनेट करून. पक्षाच्या ऑफिसात दाखवतो म्हणाला. नोकरी गेलेला मुलगा, मी लगेच दिल्या. वर ‘लोकमताचा शास्त्रीय अभ्यास’ असं शीर्षकही टाकून दिलं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

तिकीट उत्तरेश्वरला!!

पक्षाला तरुण, कष्टकरी आणि आकडे असलेला माणूस हवा होता. तिन्ही गोष्टी त्याच्याकडे. आकडे मी दिले. म्हणजे उमेदवार मी घडवला. वॉर्डाची छपाई आता कुठे जाते? इथेच. शर्मिलाला सांगितलं, श्यामरावांना कळव, जागा दुसऱ्या कुणाला द्या. ती म्हणाली, ऑर्डर हातात आली की कळवते.

माणसाचा माणसावर विश्वास नाही राहिला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

उत्तरेश्वर आला. पांढरा शर्ट, मागे चार पोरं. वाकून नमस्कार केला. म्हणाला, काका, तुमचे उपकार जलमभर इसरणार न्हाई. मी ऑर्डर बुक काढलं, पेन उघडलं. तो म्हणाला, छपाई समोर मुक्ताईला दिली. मी पेनाला टोपण लावलं. मी विचारलं, माझं काय चुकलं? तो म्हणाला, चुकलं न्हाई काका, पर तुमी मोजताय. एकदा मोजलं ते बरं झालं. परत मोजलं आन् कमी आलं तर?

संताप. नुसता संताप. ज्याला कोपरा भरायला घेतला, तो वॉर्ड भरून बसला आणि मी कोपऱ्यात. रडू आलं, खरं सांगायचं तर. दुकानात कोणी नव्हतं म्हणून बरं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. शर्मिलाने ओवाळलं आणि ताटातच श्यामरावांचा नंबर ठेवला.

मशीन ‘मुक्ताई’वाल्याने घेतलं. तो न्यायच्या आधी त्यावर शेवटचा फ्लेक्स छापला: ‘दुकान भाड्याने देणे आहे’. मी फक्त क्यूआर कोड टाकला, म्हणजे फालतू चौकशा येणार नाहीत. खरोखरच आल्या नाहीत. संध्याकाळी शर्मिलाने मार्करने फोन नंबर लिहिला. ताटं वाढेपर्यंत तीन फोन.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानाची किल्ली नव्या भाडेकरूला दिली. मोमोज विकणार आहे. चौकात आलो आणि पाय आपोआप वेणूबाईंच्या टपरीकडे वळले. संकल्प केल्यापासून चौकात चहा घेतला नव्हता. लोक काय म्हणतील? आज म्हटलं, म्हणू देत.

चहा उत्तम होता. खिशात सुटे नव्हते. समोर फळीवर कोड होता, वर चौकोनी भोक. सवयीने मोबाईल धरला.

उत्तरेश्वर हात जोडून उभा. ‘आपलं प्रेम हीच माझी कमाई.’

वेणूबाईंनी फ्लेक्सचा काठ वर उचलला. खाली फळीवर त्यांचा पैशांचा कोड, महिनाभर झाकलेला. म्हणाल्या, आता कळलं? जो तो चहा पितो, मोबाईल धरतो आणि ह्याचं थोबाड निघतं. ऐकून घेतलंत का एकदा तरी?

दोन सेकंद. सकाळी सात ते नऊ. रोज दोन-दोनदा. सगळं आठवलं.

उत्तरेश्वरला सांगायला हवं, हे नैतिकदृष्ट्या खरं आहे. पण प्रचार सुरू झालाय, मुलाचं मनोधैर्य खचेल. शिवाय स्कॅन झाले होते, हे कुणीही नाकारू शकत नाही. ट्रॅकिंग अचूकच होतं. लोक चुकीचे होते.

घरी काही बोललो नाही. शर्मिलाने विचारलं, चहा टाकू का? नको म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

३ नोव्हेंबर, सोमवार

हडपसर. पहिला दिवस. येताना बसमधून उत्तरेश्वर चार ठिकाणी दिसला, भला मोठा, एकटा. एकाही फ्लेक्सवर कोड नाही. ‘हार्दीक’ची वेलांटी दीर्घ.

युनिटच्या गेटवर क्यूआर कोड. हजेरीचा. स्कॅन केल्याशिवाय आत सोडत नाहीत. श्यामराव केबिनमधून म्हणाले, यज्ञेश्वरराव, आपल्याकडे सगळं ट्रॅक होतं. मी म्हणालो, या विषयात माझा थोडाफार अनुभव आहे. त्यांचा डॅशबोर्ड पाहिला. गचाळ आहे. आलेखांचे रंग चुकलेत. सुधारणा सुचवणार, पण आठवडाभर माणसं जोखून मग.

दुपारी शर्मिलाचा फोन. वेळेवर पोचलात ना, विचारलं. नऊला पाच मिनिटं असतानाच गेटवर होतो, असं मी सांगितलं.

ती म्हणाली, श्यामरावांनी डॅशबोर्ड माझ्याही मोबाईलवर दिलाय. नऊ सत्तेचाळीस.