बाटलीच्या जागी

प्रिय चिंगी,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी भांडण. तोंडानं करायला गेले की तू "आई, प्लीज, आत्ता नको" म्हणून फोन उचलतेस, म्हणून कागदावर करते आहे. कागदाला मध्येच फोन येत नाही. समास सोडून, ओळी सरळ ठेवून लिहिते आहे म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. वसतिगृहातल्या सिस्टरांनी हाताला वळणच तसं लावलं आहे. घराला आग लागली तरी मी आधी समास आखेन.

तीन महिने तुझ्या घरात मी एकाच गोष्टीशी झुंजते आहे, ती म्हणजे दूध. या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस मला इथे भेटलेला नाही. तुझ्या फोनमधल्या आयांच्या गटात एक म्हणते, दूध म्हणजे मुलांना विषच; दुसरी म्हणते, दुधाशिवाय हाडं भरणारच नाहीत; आणि तू दोघींनाही 'छान'चा अंगठा पाठवतेस. जावईबापूंनी मध्येच बदामाचं दूध आणलं. तुझ्या पिटुकलीनं ते फुर्र करून त्यांच्याच शर्टावर उडवलं आणि उरलेलं मी चहात घालून संपवलं, चहाचं वाटोळं करून. शेजारची तर दुधात घालायच्या पावडरचा डबाच घेऊन आली. "उंची भराभर वाढते हो काकू!" तिचा मुलगा आपल्या पिटुकलीपेक्षा दीड वर्षानं मोठा आणि बोटभर ठेंगणा. मी डब्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि गप्प बसले. गप्प बसण्यात मी या तीन महिन्यांत फार तरबेज झाले आहे.

मी काही दुधाची वैरीण नाही. आमच्या वसतिगृहात सकाळची प्रार्थना झाली की पावडरचं दूध मिळायचं. वर गुठळ्या, तळाशी न विरघळलेली साखर आणि मध्ये कोमट पाणी. संपलं की पेला डोक्यावर उलटा धरून दाखवायचा. थेंब केसांत पडला तर पुन्हा अर्धा पेला. "वाढत्या मुलींना दूध हवंच," असं स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या सिस्टर म्हणायच्या. शाळा संपेपर्यंत प्यायले आणि शाळा संपेपर्यंत वर्गाच्या फोटोत पुढच्या रांगेत बसले, कारण सगळ्यांत बुटकी मीच. पण थंडीच्या दिवसांत त्याच सिस्टर माझ्या हातांवर आपले खरखरीत हात ठेवून पेला धरायला मदत करायच्या. घर सोडून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरायचं. तसे हात धरून त्यांनी दिलं असतं तर मी फळा पुसलेलं पाणीसुद्धा प्यायले असते.

असो. माझा राग कशावर आहे ते सांगते. सकाळी तू निघताना पिटुकलीला बाटली देतेस, मोठी, गळ्यापर्यंत भरलेली. त्यामुळे दुपारपर्यंत तिला भूक म्हणून लागत नाही. मी भात मऊ करते, डाळ घोटते, गाजराची फुलं कापते. या वयात मी गाजराची फुलं कापते आहे, चिंगी! तुझ्या बाबांनी हे पाहिलं तर चक्कर येऊन पडतील. ती एक घास घेते, गालात धरून ठेवते आणि अर्ध्या तासानं माझ्या हातावर परत आणून देते. चारच्या सुमाराला मात्र तिचं पोट हलकं होतं. मग ती स्वयंपाकघरात घोटाळायला लागते, केळ्याकडे बोट दाखवते. मी मनात म्हणते, आता जमलं. सहाला अंडं उकडते, भात कालवते, ताटली मांडते, ती खुर्चीत चढून बसतेसुद्धा. तेवढ्यात तुझी घंटा वाजते. ती खुर्चीवरून उडी मारते, "दुदू दुदू" करत धावते, तू कोटसुद्धा न काढता बाटली भरतेस, आणि माझी ताटली जागच्या जागी गार होते. झोपताना आणखी एक बाटली. मध्ये जाग आली तर आणखी. अडीच वर्षांची पोर आहे ती, बाटलीला टांगलेलं बाळ नाही. आणि वर मलाच ऐकवतेस, "तुझ्या हातचं ती खात का नाही गं? माझ्या मैत्रिणीची आई भरवते तर तिचा नातू वाटीभर खातो." त्या वाटीभर खाणाऱ्या नातवाचा मला अगदी वीट आला आहे.

मग डॉक्टरीणबाईंनी पिटुकलीची खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासलं आणि आपल्या दोघींनाही समोर बसवून झापलं. तुला वाटलं, त्या माझ्या बाजूनं बोलल्या. त्या पिटुकलीच्या बाजूनं बोलल्या. शब्दन् शब्द मला पाठ आहे. "दूध चांगलंच आहे, पण दूध म्हणजे जेवण नव्हे. त्यात लोह नसल्यातच जमा आहे, आणि दुधानं पोट भरलं की बाकीचं जायला जागा राहत नाही. दिवसाकाठी दोन लहान कप, तेही जेवण झाल्यावर, आणि कपातूनच. बाटली आजपासून बंद. महिन्यानं रक्त परत बघू, नाही वाढलं तर मला दुसऱ्या तपासण्या कराव्या लागतील." तू मान डोलावलीस. टॅक्सीत खिडकीबाहेर बघत बसलीस. घरी आल्यावर लोहाचे थेंब फ्रीजवर ठेवलेस आणि बाटली भरलीस.

तेव्हा माझा तोल गेला. कारखान्यात तू रंगांच्या छटा जुळवतेस. नमुन्याच्या दोन पांढऱ्या पाट्या शेजारी ठेवल्या तर हा शंखाचा पांढरा आणि हा सायीचा, असं लांबून सांगतेस. मला तर दोन्ही भिंतीसारख्याच दिसतात. म्हणून मी म्हणाले, "जगातले सगळे पांढरे तुला ओळखता येतात, पोरीचा चेहरा पांढरा पडलेला तेवढा दिसत नाही?" तू बाटली ओट्यावर आपटलीस. "तुला काय! दिवसभर ती तुझ्याकडे असते. मी घरी आल्यावर तिला देऊ तरी काय?" आणि मी, तुझी शहाणी आई, काय म्हणाले? म्हणाले, "भात दे, अंडं दे!" त्यानंतर आपण जवळजवळ मिठापुरतंच बोललो आहोत. "मीठ दे." "घे."

तुझा प्रश्न भाताचा नव्हता, हे कळायला मला कालची संध्याकाळ यावी लागली. त्याआधी एक आठवण सांगते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुपारची पाळी करायचे तेव्हा तू साधारण पिटुकलीपेक्षा थोडी मोठी होतीस. दिवेलागणीनंतर मी घरी यायचे. कान दुखत असायचे, पाळीभर लोकांचे आवाज एकमेकांना जोडून डोकं भणभणलेलं असायचं. मी चपला काढायच्या आत तू कंगवा घेऊन समोर उभी. "आई, केस." बाबांनी केस आधीच विंचरलेले असायचे, वेण्या घातलेल्या, रिबिनी बांधलेल्या. तू त्या ओढून सोडून यायचीस. मी चिडायचे, म्हणायचे, अगं आत्ता घातलेल्या वेण्या सोडल्यास कशाला? तरी मांडीत घेऊन परत घालायचे. बरीच वर्षं मला वाटायचं, या मुलीला नटायची फार हौस आहे. पुढे कॉलेजात तू केस कापून मुलांसारखे केलेस तेव्हा मी चक्रावलेच.

आता काल. तू आलीस तेव्हा फोन कानालाच होता. कुठल्यातरी गिऱ्हाइकानं अख्खा माल परत पाठवला होता, छटा जुळत नाही म्हणून, आणि तू सोफ्यावर टेकून त्यांच्याशी वाद घालत होतीस. बाटली भरायची राहिली. पिटुकलीनं थोडा वेळ वाट बघितली. मग ती गेली, सकाळची धुऊन ठेवलेली बाटली तिनं स्वतः उचलून आणली आणि तुझ्या मांडीवर चढली. बाटलीला मी विणलेला निळा अंगरखा होता, त्यामुळे आत काय आहे ते तुला दिसलं नाही. तू न बघता हात तिच्याभोवती टाकलास, जसा रोज टाकतेस. चिंगी, बाटली कोरडी होती. मी दारात हातात चमचा घेऊन उभी होते. "अगं, रिकामी आहे ती!" असं ओरडणारच होते, पण पिटुकलीकडे बघितलं आणि शब्द तोंडातच राहिले. ती डोळे अर्धे मिटून रिकामी बाटली चोखत होती आणि दुसऱ्या हातानं तुझ्या कोटाचं वरचं बटण गोल गोल फिरवत होती. कुरकुर नाही, रडणं नाही. नुसती हवा पीत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुख होतं, जे अंडं भरवताना गाणी म्हणूनसुद्धा मी तिला कधी देऊ शकले नाही. तुझा फोन संपेना म्हणून तू उठून आतल्या खोलीत गेलीस. ती उतरली, बाटली सोफ्यावर टाकली आणि खुर्चीत येऊन बसली. भूक लागलेली होतीच. भात संपवला. अंडं संपवलं. गाजराचं फूल माझ्या तोंडात कोंबलं आणि एक स्वतःच्या. तू बाहेर आलीस, तिचा हसरा चेहरा बघितलास, सोफ्यावरची बाटली उचललीस आणि मला काय ऐकवलंस, आठवतं? "बघ. दूध प्यायली की कशी खुशीत असते."

मी जीभ दातांखाली दाबून धरली. अजून दुखते आहे.

दिवसभर ती माझ्याकडे असते आणि एकदाही बाटली मागत नाही, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. तुला ती माझी बढाई वाटली असती. पण आता सांगते. माझ्याकडे ती गोष्ट मागते, केळं मागते, खिडकीतलं मांजर मागते. बाटली फक्त तुझ्याकडे मागते. तू कंगवा आणायचीस, ती बाटली आणते. आणि तो पांढऱ्या चेहऱ्याचा टोमणा मी परत घेते, कारण रंग ट्यूबलाइटखाली बघायचा नसतो, दिवसाच्या उजेडात बघायचा असतो, हे मला तूच शिकवलंस, मी साडीचा काठ जुळवायला दिव्याखाली गेले होते तेव्हा. तू तिला दिवसाउजेडी बघतेस तरी कधी? अंधारात निघतेस, अंधारात येतेस. हा राग तुझ्यावर नाही, पण कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते. रविवारी सकाळी तिला खिडकीशी घेऊन बस आणि तुझ्या पाटीसारखी नीट बघ. लोहाचे थेंब जेवणाआधी दे, दुधातून देऊ नकोस. जेवणानंतर लहान कपभर दूध खुशाल दे, कपाशी माझं काही भांडण नाही.

आता हे पत्र तुला कुठे सापडलं ते बघ. सकाळी तू घाईत "गाडी किती वाजता आहे?" एवढंच विचारलंस आणि उत्तर ऐकायच्या आत गेलीस. परतीची गाडी साडेचारची होती. तू हे वाचशील तेव्हा मी गाडीत खिडकीपाशी बसलेली असेन, डब्यातलं थोडं बाबांसाठी राखून. पिटुकली दुपारपासून जावईबापूंकडे आहे. आत्ता तू घरी आलीस, ती "दुदू" करत तुझ्या पायांशी आली आणि तू बाटल्यांच्या कपाटात हात घातलास. तिथे बाटल्या नाहीत, हा कागद आहे. सगळ्या बाटल्या माझ्या पिशवीत आहेत, निळ्या अंगरख्यासकट. वरच्या फळीवरची जावईबापूंनी काढून दिली, त्यांच्यावर ओरडू नकोस, मी त्यांना दम दिला होता. दुकानातून नवी आणायला धावू नकोस. ती रडेल, थोडी नाही, चांगली रडेल. तू उत्तर मागितलं होतंस ना, घरी आल्यावर तिला देऊ तरी काय म्हणून? फोन बंद कर. कोट काढू नकोस, वरचं बटण तिला लागतं. ताटली ओट्यावर झाकून ठेवली आहे, तिची घाई नाही. आधी खाली बस.

बाटल्या पळवून नेणारी, तरीही तुझीच,
आई