हवेची बाही

बाबा, गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा विमानात बसले. नागपूरहून दिल्लीला, ऑफिसच्या कामासाठी. खिडकीजवळची जागा मिळाली होती, पण सगळा वेळ मी पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. ज्यासाठी तुम्ही एकोणीस वर्षं वाट पाहिलीत ते मला असं आयतं मिळावं, हे काही केल्या घशाखाली उतरेना. म्हणून लिहायला बसले आहे.

गावाबाहेरच्या धावपट्टीचे तुम्ही चौकीदार. एरवी त्या पट्टीवर लोक सोयाबीन वाळत घालायचे, आणि तुम्ही घालू द्यायचात. विमान यायचं असलं की सकाळीच सायकलवरून हाकारत जायचात, "उचला व बाया हो, साहेब लोक येऊन राह्यले!" ती कापसानं दगा दिलेली वर्षं होती. कुठल्यातरी गावात कोणीतरी जीव द्यायचं, मग पुढारी भेटीला उतरायचे आणि गाड्यांची रांग राळेगावकडे नाहीतर पांढरकवड्याकडे धूळ उडवत जायची. विमानाचा आवाज आला की बाया हातातला कापूस तसाच धरून वर बघायच्या आणि विचारायच्या, "आता कोन गेलं व?" त्यामुळे नागपूरच्या फ्लाइंग क्लबची चार छोटी विमानं सहलीला येणार, नुसती मजेखातर, हे तुम्हाला आधी खरंच वाटेना. क्लबचे मोठे साहेब पट्टी बघायला येऊन गेले तेव्हा जाताना म्हणाले होते, "चौकीदार, तुम्हालाही एक चक्कर मारून आणतो." तुम्ही घरी येऊन ते तीनदा सांगितलंत. एकोणीस वर्षं विमानांची राखण केली होती, बसला एकदाही नव्हतात.

पट्टीच्या टोकाला खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी असते. तुम्ही तिला हवेची बाही म्हणायचात. जुनी फाटून गेली होती, म्हणून साहेबांनी नवीसाठी नारिंगी कापड पाठवलं. किती हलकं होतं ते! फुंकर मारली तरी उडायचं. आई गेल्यापासून तिची मशीन मीच चालवायचे. तुम्ही कापड माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "नीट शिव माय, याच्यावरच ते लोक उतरतात."

पुढच्याच आठवड्यात आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. माझ्या नाचाला नारिंगी ओढणी हवी होती आणि ती तुमच्याजवळ मागायचा मला धीर नव्हता. आता सरळच लिहिते. ते कापड मी ट्रंकेत तळाशी लपवलं आणि बाही मांजरपाटाची शिवली, दुहेरी, गेरूत बुडवून. तुम्हाला सांगितलं, उंदरानं कुरतडलं. तुम्ही ती तपकिरी बाही हातात घेऊन हसलात, "करायले गेलो गणपती अन् झाला मारुती!" मग जरा तोलून पाहिलीत. "जड नाही होनार काय व?" मी म्हटलं, वाऱ्याला काय जड आणि काय हलकं. तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर तुमचा फार विश्वास होता, बाबा, आणि मला तो तेव्हा सोयीचा वाटला.

विमानं यायची त्या रविवारी सकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला आहे. खिशात लिंबू आहे, वर गेल्यावर मळमळलं तर हुंगायला. "उलटी झाली तं इज्जत जाईन," म्हणता. मीही आले आहे, खांबापासून जरा बाजूला, निंबाखाली. वारा चांगला सुटला आहे, निंबाची पानं सळसळतायत, आणि माझी बाही खांबाला लोंबते आहे, ओल्या पोत्यासारखी. पहिलं विमान वरून एक फेरी मारतं. वाराच नाही असं समजून ते जवळच्या टोकानं उतरतं. वारा पाठीमागून असतो, तो त्याला थांबू देत नाही. पट्टी संपते आणि ते समोरच्या कपाशीच्या पऱ्हाटीत घुसतं. चाक रुतलं, पंखा वाकला. माणसं सुखरूप उतरली, त्यांत मोठे साहेब होते आणि त्यांची बायकोही.

साहेबांनी बाही बघितली. "हे कोणी शिवलं? माणसं मेली असती आज!" मी निंबाखाली होते, वीस पावलांवर. तुम्ही म्हणालात, "मीच शिवलं साहेब. कापड उंदरानं कुरतडलं. चुकी माहीच हाय." बाकीची तीन विमानं मग तुम्ही हातात उपरणं धरून वारा दाखवत उतरवलीत. पाहुण्यांनी तिथेच डबे खाल्ले आणि दुपारी ती तिन्ही उडून गेली. तुमच्या चकरेचं नाव कोणी काढलं नाही, तुम्हीही नाही. संध्याकाळी चुलीपुढे बसून तेच लिंबू तुम्ही वरणावर पिळलंत आणि विचारलंत, "वरून आपलं घर केवढं दिसत असन व?"

एवढं सांगितलं की मोकळी होईन असं वाटलं होतं. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे. गॅदरिंगला तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होतात. घरी जाताना सायकलवर म्हणालात, "रंग चांगला दिसते तुले." त्यानंतर तुम्ही बारा वर्षं जगलात, पण त्या कापडाबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. तुम्ही ओळखलंच नसेल, असं मी स्वतःला सांगत आले. एकदा रागवायचं होतंत हो, एक थोबाडीत द्यायची होतीत.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून त्याच ट्रंकेत ठेवीन, ओढणीखाली. फक्त एक लिहायचं राहिलं. मी पडद्याआडून नाचत पुढे आले, तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात. ओढणी उडाली, तुमचे हात थांबले आणि मान खाली गेली. ते मी पाहिलं होतं, बाबा. आणि तरी मी गिरकी घेतली.