डाव्या हातानं जेवणारा नायक

आई, परवा जत्रेत गावातले सगळे बाप्ये पडद्याच्या मागं बसले आणि आम्ही सगळ्या बायका पुढं. थापा मारत नाहीये, खरं सांगतेय. तू असतीस तर "चल, कायबी बोलतीस" म्हणून पदर तोंडाला लावून हसली असतीस. दोन दिवस झाले, दिसेल त्याला सांगतेय, तरी माझं समाधान काही होत नाही. म्हणून आज सकाळचा स्वयंपाक लवकर उरकला आणि तुला लिहायला बसले.

जत्रेतला तंबूतला सिनेमा तुला आठवायला नकोच. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला. यंत्राच्या बाजूला पुरुष, पलीकडं बायका, मधे दोरी. कापड पातळ, म्हणून पलीकडूनही चित्र दिसायचं, फक्त उजव्याचं डावं होऊन. पण हे आपल्या बाजूला ठाऊक होतं कुणाला? दुसऱ्या दिवशी सकाळी तू चुलीपुढं भाकरी थापतेस आणि सिनेमा सांगतेस. विरजण मागायचं निमित्त करून शेजारणी येतात आणि उंबऱ्यातच बसकण मारतात. तुझं सगळं बोलणं खाण्याचं. "फोडनी झ्याक हुती, पन आतून शिजला न्हाई." नाहीतर, "रडवलं लई, पन मीठच न्हाई गं त्यात." आणि त्या बहीणभावाच्या सिनेमातला नायक, जो तुला सगळ्यात आवडला होता, त्याच्याबद्दल तुझी एकच तक्रार: "दिसायला राजबिंडा हाय, पन डाव्या हातानं जेवतो. आईनं वळनच लावलं न्हाई." त्यावर शेजारच्या काकू मान हलवून म्हणायच्या, "शेहरातली समदी तसलीच." आपल्या अर्ध्या गावाची खात्री होती की सिनेमातली माणसं झाडून सगळी डावखुरी असतात!

तोच सिनेमा पुढच्या वर्षी परत आला. मी दोरीखालून सरपटत गेले आणि आण्णांच्या मांडीवर जाऊन बसले. जेवणाचा प्रसंग आला. बहीण ताट वाढते, भाऊ भाकरी मोडतो, आणि बघते तर काय, उजव्या हातानं! पाटीवरची अक्षरंसुद्धा सरळ. सकाळी उंबऱ्यात बायका जमल्या आणि तू पुन्हा त्या नायकाच्या आईला नावं ठेवायला लागलीस, तेव्हा मी सगळ्यांदेखत बोलले, "आई, तो उजव्या हातानंच जेवतो. तुमाला समदं उलटं दिसतं." तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि तव्यावरची भाकरी करपली. तुझ्या हातची करपलेली भाकरी मी त्या एकाच दिवशी खाल्ली. मग तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "उलटं दिसू दे. कळतं तर सुलटंच ना? मोठी आली शानी!"

पण लागलं होतं तुला. चौथीपर्यंत शिकलेली बाई तू, पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाहीस, आणि इतकी वर्षं सिनेमाचं नाव वाचता येत नव्हतं ते आपलंच शिक्षण कमी म्हणून, असं समजून बसली होतीस. त्याच संध्याकाळी तू आण्णांचा दाढीचा आरसा कमरेला खोचलास. पडद्यावर पाट्या सुरू झाल्या आणि तू पडद्याकडं पाठ करून बसलीस, आरसा डोळ्यांपुढं धरलास आणि मोठ्यानं वाचायला लागलीस. सिनेमाचं नाव, नायकाचं नाव, गाणी कुणाची, सगळं. अख्खी बायकांची बाजू गप्प होऊन ऐकत होती. बातमी दोरीपलीकडं गेली. पारावर आण्णांना चिडवलं, "तुजी बायकू तंबूत बी आरसा बघती राव, नटायला!" आण्णा घरी येऊन धुमसले. तू शांतपणे म्हणालीस, "व्हय, बघते. मला पुढं बसवा, मंग न्हाई बघनार." मी मास्तरकीच्या शिक्षणाला नगरला निघाले तेव्हा तू तोच आरसा माझ्या ट्रंकेत टाकलास. "मुलींच्या वसतिगृहात आरसा असतो गं," मी म्हणाले. "असू दे की," तू म्हणालीस.

आता माझं ऐक. मी आता मनाला येईल तेव्हा सिनेमा बघते. लेक आणि सूनबाई पुण्याला मोठ्या थिएटरात नेतात. खुर्ची कळ दाबली की पलंग होते. मी मध्यंतरापर्यंत मस्त झोपले. पण तिथं कुणी कुणाशी बोलत नाही गं. नायिकेची सासू दिसली तरी कुणी "आली बया, आली!" म्हणत नाही. मग जेवायला एका भारी हॉटेलात. परातीएवढं ताट आणि मधोमध चमचाभर पदार्थ. वाढणारा मुलगा त्या पदार्थाची कुळकथा इतकी सांगत होता की तोवर तो निवून गेला. घास तोंडात टाकला आणि तुझ्याच आवाजात म्हणाले, "फोडनी झ्याक हाय." सूनबाईला इतकं हसू आलं की पाण्याचा पेला लवंडला.

तर यंदाच्या जत्रेची गोष्ट. पंचकमिटीच्या डोक्यात आलं की जुन्या पद्धतीनं तंबूत सिनेमा दाखवायचा. सिनेमाही तोच मिळवला, बहीणभावाचा. मी निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला बैठकीला बोलावलं. कमिटीचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी, आता चांगला पोट सुटलेला. म्हणाला, "बाई, पद्धत म्हंजी पद्धत. बाप्ये पुढं, बायका पडद्यामागं. लोकांस्नी मजा वाटंल." मी म्हटलं, "मजा वाटणार असेल तर यंदा तुम्ही बसा मागं." सगळे हसले. मी हसले नाही, तेव्हा त्यांचंही हसू आटपलं. "असं कसं बाई? लोक काय म्हनतील?" मी उठले आणि घरी आले. आई, मला इतका राग आला होता की चप्पल उलटीसुलटी घालून आले!

पण तुझ्या गावात अजून एक पद्धत जिवंत आहे, ती ते विसरले. जत्रेची शिपी आमटी बाप्ये करतात. मोठ्या कढईत डाळी, काळं तिखट, वर बोटभर तेलाचा तवंग. त्यांना त्याचा केवढा तोरा! पण त्या आमटीत चुरायच्या बाजरीच्या भाकरी घरोघरच्या चुलीवरून येतात. शेजारच्या काकूंची सून माझ्याकडं आली. म्हणाली, "बाई, पद्धत म्हंजी पद्धत ना? मंग या साली भाकरी बी पडद्यामागंच ऱ्हातील." दुपारपर्यंत निरोप आळीआळीनं फिरला. जत्रेच्या दिवशी कढई रटरटतेय, खमंग वास वेशीपर्यंत गेलाय आणि भाकरीची एक टोपली म्हणून आली नाही. आमटी काय पेल्यानं प्यायची? अध्यक्ष घाम पुसत माझ्या दारात उभा राहिला. "बाई, तुमी जिकला. बसतो आमी मागं. पन भाकरी धाडा, मान्सं खोळंबल्यात." आणि आई, घराघरांतून टोपल्या निघाल्या! तयारच होत्या सगळ्या, फडक्याखाली.

अंधार पडल्यावर तंबू भरला. आम्ही पुढं, म्हाताऱ्या बायकांना खुर्च्या. पाट्या सुरू झाल्या आणि मागून ओरडा, "आरं, ह्ये काय लिवलंय? उलटं दिसतंय समदं!" काकूंची सून ओरडली, "आमच्या सासवांनी जलमभर तसंच बघितलं!" मी पिशवीतून तुझा आरसा काढला, दोरी ओलांडली आणि अध्यक्षाच्या हातात दिला. "पडद्याकडं पाठ कर आणि मोठ्यानं वाच. शाळेत कधी वाचलं नाहीस, आज वाच." आणि वाचलं गं त्यानं, पडद्याकडं पाठ करून, खडाखडा. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की तंबूचं कापड हाललं. मग तो जेवणाचा प्रसंग आला, आणि मागून एक म्हातारा मनापासून हळहळला, "काय ह्ये पोरगं! डाव्या हातानं जेवतंय. आईनं वळन लावलं न्हाई." पुढच्या बाजूला बायकांचं हसणं थांबेना. सगळ्यांनी तुझंच वाक्य ऐकलं, आणि ते तुझं आहे हे मला एकटीलाच ठाऊक होतं. जिंकलो आई आपण. चांगलं ठणठणीत जिंकलो.

आता हे पत्र घडी करून मी त्या आरशामागं सरकवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवणार? फक्त एक गोष्ट सांगायची राहिली, ती बायकांना सांगितलेली नाही. आरसा द्यायला म्हणून मी मागं गेले ती परत पुढं आलेच नाही. माझी पहिल्या रांगेतली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती. मी मागंच जमिनीवर बसले, पडद्याच्या डाव्या कोपऱ्याला, तू बसायचीस तिथं. तो डाव्या हातानंच जेवत होता, आई.