टेसनाकडे तोंड असलेलं घर

आबा, आज रस्त्याकडची भिंत फोडायला मिस्त्री बोलावला. तुम्ही असता तर त्याला फाटकातूनच परत पाठवला असता, हे ठाऊक असूनही बोलावला. चिखलीच्या बाजारातली भाड्याची जागा मालकाला परत हवी आहे, आणि मोटारीची जळकी तार काढून नवी भरायचं माझं दुकान घरात आणल्याशिवाय आता पोट चालणार नाही. विहिरीतली जळकी मोटार खांद्यावर घेतलेला माणूस घराला वळसा घालून, गोठ्यातून, म्हशीला 'सरक माय' म्हणत दुकानात यायचा नाही. अख्ख्या गावात रस्त्याला पाठ करून बसलेलं घर आपलं एकच.

तुम्ही पाया आखत होता तेव्हाची ती दुपार मला लख्ख आठवते. तिपाईवरची दुर्बीण घेऊन रेल्वेची मोजणी करणारे दोघं आले, आपल्याकडे पाणी प्याले, आणि त्यातल्या एकानं पश्चिमेकडे हात केला. टेसन तिकडे होणार, असं तुम्ही तिथल्या तिथं ठरवलं आणि चुन्याची आखणी पुसून दार फिरवलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, "अवो, त्याच्या हातात टमरेल होतं. थो आडोसा कुठी हाय थे इचारत होता." तुम्ही ते कधी ऐकून घेतलं नाही. दार शेताकडे काऊन, असं मी विचारलं, तर ओळंबा हातात तसाच धरून तुम्ही माझ्यावर डाफरलात, "रेलगाडीतून उतरलेला पाव्हना मांगच्या दारानं येईन काय बे?"

तर आज मिस्त्री छिन्नी लावतो न लावतो तोच शेजारी मोबाइल नाचवत पळत आला. "थांब, थांब! दिल्लीत बिल आलं! रस्ते, रेल्वे, शहरातल्या बशी, साऱ्याले पैसा भेटून राह्यला. भिंतीले हात नोको लावू!"

मी दहावी नापास, पण जळक्या मोटारी उघडून उघडून वाइंडिंग शिकलो आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या इंग्रजी पुस्तिकांवरून इंग्रजी. अर्धवट माहितीवर मी तारेचा एक वेढाही घालत नाही. मिस्त्रीला बसवला, चहा दिला, आणि बाजेवर आडवा होऊन ते विधेयक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, अडेल तिथं शब्दकोश पाहिला. मिस्त्रीची रोजी चालूच होती. तोवर अंगणात पाच-सहा जण जमले.

"कोन्या पानावर हाय आपलं टेसन?" शेजाऱ्यानं विचारलं.

मी नीट समजावून सांगितलं. हे नुसतं मांडलंय. मांडलेलं विधेयक म्हणजे लग्न नव्हे, स्थळ आलंय फक्त. पैसा कसा उभा करायचा आणि कसा वाटायचा, एवढंच त्यात आहे. गावाचं नाव एकाही पानावर नाही, आपलं नाही आणि दुसऱ्या कुणाचंही नाही.

"म्हंजे आपलं नाव खोडलं तं नाई ना?"

"नाही."

"मंग झालं!" म्हणाला आणि गेला. तासाभरात टेसन पक्कं झाल्याची बातमी गावभर. एकजण तर मला विचारायला आला की तिकीटघरात कँटीन कोणाले भेटते.

तुमची सून सगळं ऐकत उभी होती. "वाचनं झालं असन तं सांगा, थ्या मोटारी कुठी ठेवू? चुलीवर?" मग मी मिस्त्रीला म्हटलं, मार. भिंत पडली. रस्त्यावरचा उजेड पहिल्यांदाच घरात आला, आणि खरं सांगतो आबा, बरं वाटलं.

मिस्त्री हात झटकत म्हणाला, "थे पश्चिमेचं जुनं दार बुजवून टाकू? मोटारी ठेवाले फळ्या बसतीन." बरोबरच होतं त्याचं. फळ्यांचं माप तर मीच काढून ठेवलेलं. तरी माझ्या तोंडून निघालं, "राहू दे. तिकडून वारा येते."

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हाव, वारा येत असन," म्हणाला आणि घमेलं उचललं.

त्या दारासमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, त्याच शेजाऱ्यानं दुमजली घर बांधलंय. तिकडून वारा येत नाही, आबा. हे घरातही मी कबूल करणार नाही. तुम्हाला लिहितोय, ते हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणूनच.