जानकीकाकूचे अडतीस युनिट

देवास,
कोजागिरीच्या आदल्या दिवशी

चि. भास्कर यास,

रत्नाकरदादाचे आशीर्वाद. तुमच्या नाशकात सगळे सुखरूप असाल, आणि तुझा गुडघा निदान जिना चढण्याइतका तरी बरा असेल, असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे; फक्त दुपारचे तीन वाजले की उगाच दाराकडे बघतो. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. (फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून कागद.)

गणपतीत आपल्या मंडळाने यंदा वादसभा ठेवली होती: घरगुती वीज कुठे स्वस्त, मध्य प्रदेशात की महाराष्ट्रात? निवडणूक तोंडावर, दोन्हीकडचे पुढारी याच विषयावर घसा कोरडा करत होते, मग आपण का मागे राहायचं. मी अर्थातच इकडच्या, मध्य प्रदेशच्या बाजूने. तुझं नाशिकचं बिल तू पाठवलंच होतंस. तुलनेला माझं स्वतःचं बिल न्यायला हवं होतं, पण घरात दोन एसी, ते दाखवलं असतं तर मीच आडवा झालो असतो. म्हणून मी धारच्या तुमच्या घराचं, अजून जानकीकाकूच्याच नावावर येणारं बिल नेलं. (तुझी आई फाल्गुनात गेली आणि घराला तेव्हापासून कुलूप आहे, हे मी सभेत सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.) टाळ्या पडल्या. तुझं बिल तर लोकांनी हातोहात फिरवलं आणि तुझी कीव केली.

विरुद्ध बाजूला भूपेंद्र होता, आपल्या गल्लीतला बिजलीच्या सामानाचा दुकानदार. त्याने बिलावरचा मागच्या महिन्यांचा तक्ता वाचला आणि हळूच विचारलं, "भिया, चैत असो की सावन, हर महिन्याला अडतीसच युनिट? या घरात राहतं तरी कोण?"

बंद घराला सरासरी बिल येतं, असं मी ठोकून दिलं. पण बिलावर मीटरचा फोटो होता आणि आकडा दर महिन्याला पुढे सरकलेला होता. घरी येऊन काकूची जुनी बिलं काढली. (ती भरायचं काम माझ्याकडे, भरली, वाचली कधीच नव्हती.) काकू हयात असतानाही अडतीसच. एक बल्ब, एक पंखा आणि दुपारी तीनला चहासाठी ती कॉइलची शेगडी, यापलीकडे तिने वीज कंपनीला कधी काही मिळू दिलं नाही, हे तुला माहीत आहे.

शेजाऱ्याने तार टाकली असेल तर पकडू, म्हणून बुधवारी आम्ही दोघं धारला गेलो. भूपेंद्रने टेस्टर घेऊन बाहेरून सगळ्या भिंती तपासल्या. तार नाही. दार उघडून उंबऱ्यातूनच पाहिलं तर मेन स्विच मी फाल्गुनात पाडला होता तसाच खाली, वर धूळ. मग बाहेर ओट्यावर मीटरपाशी उभे राहिलो. तीन वाजले आणि मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकायला लागला. चहाला उकळी येईपर्यंत लुकलुकला आणि थांबला. भूपेंद्र म्हणतो, आल्याचा वास आला. (मला सर्दी होती, मी शपथ घेऊ शकत नाही.) आत जाऊन बघावं असं दोघांच्याही मनात आलं आणि दोघांनाही एकदमच परतीची बस आठवली.

मी घाबरलो, भास्कर, कबूल करतो. पण बसमध्ये वाईटही वाटलं. शाळेची सहा वर्षं मी तिच्याकडे राहून त्याच चहावर काढली आहेत.

तुझा,
रत्नाकरदादा

ता.क. वादसभा मीच जिंकलो. बक्षिसाचा नारळ मात्र परत केला. ते बिल राहत्या घराचं आहे असं मला छातीठोकपणे सांगता येईना, आणि बंद घराचं आहे असंही.

ता.क. २. खरं काम हे. घर विकायचं म्हणून वीज तोडण्याचा अर्ज तू माझ्या सहीसाठी पाठवला आहेस. मी सही करणार नाही. शेगडी बंद कर असं तिला सांगायचंच असेल, तर ते तिच्या मुलाने येऊन सांगावं. तेराव्यानंतर तू फिरकला नाहीस. दिवाळीआधी ये, आणि तीनच्या आत पोहोच.

ता.क. ३. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात या महिन्याचं बिल आलं. एकोणचाळीस. नुसत्या चहाला एवढी वीज लागत नाही. पाहुणे आले म्हणून तिने पोहेही टाकले असणार. आणि आम्ही ओट्यावरूनच परतलो.